परगावची

रविवार, २ मार्च २०२५

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाचा ट्रे माझ्यापुढून तसाच निघून गेला!

चुकून नव्हे. दादासोकाकांनी माझ्याकडं पाहिलं, मग ट्रे मागच्या बाकाकडं वळवला. द्राक्षरसाचे इवलाले पेले किणकिणले. पाळकसाहेब शास्त्रात मान घालून बसलेले.

कारण ठाऊक आहे. मागच्या सभेत मी एवढंच म्हणाले — माझा भाचा युवराज, त्यानं हिंदू घरातल्या स्वरूपाशी रजिस्टर लग्न केलं म्हणून त्याला प्रभुभोजनातून बाहेर ठेवू नका. काका चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी, माझ्या वडलांची, आप्पांची शवपेटी खांद्यावर घेतलेला माणूस. हसत म्हणाले, "विजू, तू पुरोगामी झालीस हां!" सगळे हसले. मीही हसले होते.

मंगळवार, ४ मार्च

आईला कुणीतरी बातमी पोचवली. तिला ऐकू कमी येतं.

"तुला परगावची का म्हणत्यात गं?"

"परगावची नव्हे आई, पुरोगामी."

"तेच की! हितलीच हाय म्हणावं. तुझं आप्पा हितंच हायेत न्हवं?"

आप्पा इथंच, इंदापुरात, आमच्या दफनभूमीत. शेजारची जागा आईची. तिनं स्वतः विटा लावून आखून ठेवलीय, कडेला मोगरा लावलाय.

रविवार, १६ मार्च

पूर्वी बायका डावीकडं बसायच्या, पुरुष उजवीकडं. आता उजवीकडं काकांची माणसं, डावीकडं युवराजची. "सनातनी" आणि "पुरोगामी" — ही नावं एकमेकांनी एकमेकांना दिली. युवराजनं बाक थोपटला, "या मावशी, आपल्या लोकांत." मी दारातच घुटमळले. मागून कुणीतरी — "दोन्हीकडचं तिकीट काढलंय जणू!"

चपलांपाशी बसले.

शुक्रवार, २८ मार्च

दफनभूमीच्या फाटकाला कुलूप! शेळ्या येऊ नयेत म्हणून आजवर नुसती तार गुंडाळलेली असायची. काका म्हणाले, "कुणालाही आत घ्यायचं का? तत्त्वाचा प्रश्न हाय, विजू."

कुणालाही म्हणजे कुणाला? युवराजच्या माणसांना?

सोमवार, ३१ मार्च

काकांच्या कुलपाशेजारी दुसरं कुलूप. युवराजचं.

"त्यांचं, तर आमचंही."

"अरे, आत आपली माणसं आहेत."

"मावशी, तत्त्वाचा प्रश्न आहे."

शब्द न् शब्द तोच.

बुधवार, ९ एप्रिल

आईचा दम वाढलाय. डॉक्टर माझ्याशी बोलताना दाराकडं बघत होते. बारामतीहून सुयोगचा फोन — माझा धाकटा भाऊ — "ताई, आईला इकडं आणू का?" फोन स्पीकरवर होता. आई उठून बसली!

"मी परगावी न्हाय यायची! मेले तरी न्हाय!"

मग हळूच मला, "मोगऱ्याला पाणी घातलंस?"

घातलं म्हणाले. फाटकाबाहेरून दिसतो तो. पिवळा पडलाय.

रविवार, १३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार

एकाच रस्त्यानं दोन मिरवणुका. होसान्नाचा जयघोषही दोनदा — दुसरा जरा जास्तच जोरात. आईला खिडकीशी बसवलं होतं. चेहरा उजळला.

"किती माणसं गं! समदी आपलीच?"

"व्हय आई," मी तिच्याच बोलीत म्हणाले. "समदी आपलीच."

गुरुवार, १७ एप्रिल

आईसाठी कुलूप काढा म्हणून दोघांकडं जाऊन आले. काका — "वेळ आली तर बघू." युवराज — "वेळ आली तर बघू, मावशी." वेळ घरात येऊन बसलीय!

शनिवार, १९ एप्रिल

आई पहाटे गेली.

दोघंही आले. दोघंही रडले, खरंच रडले. फाटकापाशी पेटी उन्हात ठेवली. दोघांच्याही हातात किल्ल्या. दोघंही म्हणाले, "आधी त्यांनी उघडावं."

संध्याकाळी तिला बारामतीला नेलं. परगावी.