बत्तीस मिनिटे लाइन कोणासाठी बंद होती

मंगळवार, ११ मार्च २०२५. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

वेळ आधी लिहून ठेवते. नंतर लोक वेळ बदलतात. वीज ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली, तेच पाहिलं.

दिलीप गेला. दादाचा मुलगा, माझा एकुलता एक भाचा. वय एक्केचाळीस. शिवारातल्या अकरा हजारांच्या लाइनवर तुटलेली तार जोडत होता. खालून लाइनमन माधवनं सांगितलं होतं, बंद आहे, चढ. ती चालू झाली.

(हे बुधवारी लिहिते आहे, तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या पायरीवर. आत पोस्टमॉर्टेम चाललंय.)

वेळ सुनीतानं सांगितली. दिलीपची बायको. ती बोअरवर धुणं धूत होती. "लाइट आली आत्याबाई. साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या. मला बरं वाटलं. म्हनलं, झालं ह्यांचं काम, आता येतील जेवायला."



गुरुवार, १३ मार्च. गाव.

आमच्या आळीत होळी नाही. पलीकडे पेटली, पण बोंब कोणी मारली नाही. एवढी लाज शिल्लक आहे.

आज कळलं ते लिहिते आहे. रागानं. काल संध्याकाळी, आम्ही बायका न्हाणीत होतो तेव्हा, माधव दारात येऊन गेला. डोळे पुसत. "लई चांगला मानूस व्हता." मग हळूच, दिलीपचा कमरेचा बेल्ट, रबरी हातमोजे आणि पकड मागितली. ऑफिसची आहेत म्हणून. बेल्टवर पांढऱ्या रंगात ऑफिसचा नंबर होता.

दादानं स्वतः उठून दिली. खाली उतरवताना पोरांनी सोडून घरी आणलेली, ती खुंटीवरून काढून, पुसून.

मी म्हटलं, "दादा, तो बेल्ट म्हणजे आपला एकुलता एक पुरावा होता."

"अगं, दुसऱ्याची वस्तू सुतकात घरात ठेवायची व्हय? ऑफिसचं हाय, ऑफिसला गेलं."

ऑफिसचं हाय. तेच तर सिद्ध करायचं होतं, माझ्या भोळ्या भावा.

पोलिसांनी नोंद केली: आकस्मिक मृत्यू. पंचनाम्यात बेल्ट नाही. मोजे नाहीत. म्हणजे दिलीप उघड्या हातांनी, हवा खायला खांबावर गेला होता.

सोमवार, २४ मार्च.

काल तेरावं झालं. जेवणाच्या पंगतीत मागे कोणीतरी बोललं, आकडा टाकायला चढला असंल. मी वळून पाहिलं. सगळे वरणभात कालवण्यात दंग.

श्रुतीनं ऐकलं. दिलीपची मुलगी, यंदा दहावीला. बापाला अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी पेपरला जाऊन बसली. सुनीता मला म्हणाली, "आत्याबाई, बाकी काय मिळंल न मिळंल. पन चोर म्हणू नये ह्यांना कुणी. पोरीनं तोंड कुठं दाखवावं?"

दिलीप चौदा वर्षं झिरो वायरमन होता. लाइनमन स्वतः चढत नाही. पोट सुटलेलं, गुडघे गेलेले. गावातला एक माणूस धरतो, आपल्या खिशातून हजारभर रुपये देतो, आणि तो माणूस चढतो. ऑफिसच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव नसतं. म्हणून झिरो. साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. दिलीपनं फोन करून सांगितलं होतं, "आत्या, मी पन तुझ्याच खात्यात आलो गं!" मी हसले होते.

शुक्रवार, ४ एप्रिल. लातूर.

सुनीताला घेऊन वकिलाकडे. बाई तरुण आहेत, माझ्या निम्म्या वयाच्या. खुर्ची मोडकी, डोकं शाबूत. चहा विचारला नाही, थेट कागद मागितले. आवडल्या.

म्हणाल्या, रस्ते आहेत. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूवर थांबू नये, निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवावा, असा अर्ज द्यायचा. त्यांनी नाही ऐकलं तर मॅजिस्ट्रेटकडे. दुसरा रस्ता, कामावर असताना मेला म्हणून कामगार न्यायालय. त्याला दोन वर्षांची मुदत. तिसरा, दिवाणी दावा: वीज ही धोक्याची वस्तू, ती बाळगणाऱ्यावर जबाबदारी, मेलेला नोकर होता की नव्हता हा प्रश्नच येत नाही. पण वेळ लागेल. शिवाय विद्युत निरीक्षकाचा अपघात अहवाल मागवायचा, तो तिन्हीकडे लागतो.

"पण मॅडम, तिन्ही वाटांवर ते एकच म्हणणार. आम्ही चढवलं नाही, तो चोरून चढला. हे आपल्याला कागदावर खोडायला लागेल. आधी ऑफिसला पत्र द्या. काय उत्तर येतं ते बघू."

सुनीतानं विचारलं, "गावातले लोक सांगतील ना. समद्यांनी पायलंय ह्यांना चौदा वर्षं."

वकीलबाई: "सांगतील. कोर्टात येतील का?"

परत येताना एसटीत सुनीता म्हणाली, येणार न्हाईत. उद्या लाइट गेली तर माधवलाच फोन लावायचाय त्यांना.

रविवार, ६ एप्रिल. नांदेड.

घरी. खाली वॉचमननं सकाळी टाकीची मोटार सुरू केली. घूंऽऽ. हातातली बशी फुटली. रोजचाच आवाज आहे, बारा वर्षं ऐकते आहे.

मंगळवार, १५ एप्रिल.

ऑफिसचं उत्तर आलं. सुनीतानं फोटो पाठवला.

"सदर इसम या कार्यालयाच्या आस्थापनेवर नाही. त्याने कोणत्याही परवानगीशिवाय, स्वतःच्या जबाबदारीवर खांबावर चढण्याचे कृत्य केले. दि. ११ मार्च रोजी सदर वाहिनी दिवसभर अखंडित चालू होती. कार्यालयास घटनेबद्दल सहानुभूती आहे, उत्तरदायित्व नाही."

शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. पुन्हा.

ते माझं आहे.

बुधवार, १६ एप्रिल.

काल पुढे लिहवलं नाही.

माझंच वाक्य आहे. बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. भोकरकडचा एक झिरो वायरमन असाच गेला होता. साहेब म्हणाले, मॅडम, तुमचा हात चांगला, जरा पक्कं उत्तर बांधा. बांधलं. गावाबाहेर कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात शिकले; तिथे सिस्टर सांगायच्या, वाक्य असं रचा की कुठूनही पाणी आत शिरू नये. वर्गात नेहमी पहिली यायचे. साहेबांनी मान हलवली, "वा! सहानुभूती आहे, उत्तरदायित्व नाही. फर्स्ट क्लास." तो मसुदा मग फाइलला राहिला. पुढे किती ठिकाणी गेला, मोजलं नाही. नुसती नावं बदलायची.

माझ्या वाक्यात पाणी शिरत नाही. आत माझा दिलीप आहे.

त्या भोकरच्या वायरमनच्या बायकोला मी पाहिलं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. सकाळच्या गाडीनं यायची, साहेब नाहीत म्हटलं की संध्याकाळच्या गाडीनं जायची. कमलबाई. नाव आठवतं, कारण पत्त्यावर मीच लिहिलं.

शनिवार, १९ एप्रिल.

जुने सहकारी जोशी, त्यांचा फोन. यांना कुठून वास लागतो कोण जाणे. "मॅडम, कशाला हात पोळून घेता? आपण निवृत्त माणसं. देवधर्म करा."

म्हटलं, "हात पोळलेला पाहायचा असेल तर भाच्याचा फोटो पाठवते. जेवण झालंय ना तुमचं?"

ठेवला त्यांनी फोन.

रविवार, २० एप्रिल. गाव.

पत्र घेऊन दादापुढे बसले. मोठ्यानं वाचलं. "वाहिनी दिवसभर अखंडित चालू होती." दादा सत्याहत्तर वर्षांचा, शाळा चौथी. म्हणाला, "ह्ये खोटं हाय. लाइट गेली व्हती."

"कशावरून?"

"मला फोन आलता की."

"कुणाचा?"

"मोटारीचा!"

बोअरची मोटार त्याच लाइनवर; तिला मोबाईल स्टार्टर बसवलाय. वीज गेली की दादाच्या फोनवर मेसेज, आली की रिंग आणि मेसेज. दिलीपनंच बसवून दिला, बापाची खेप वाचावी म्हणून. दादा रिंग ऐकतो, मेसेज उघडत नाही. ते पुसताही येत नाहीत त्याला. वाचलो.

मी फोन घेतला. शेकडो मेसेज. मागे सरकवत मार्चपर्यंत आले.

११ मार्च. सप्लाय बंद, १५:३८.
११ मार्च. सप्लाय चालू, १६:१०.

बत्तीस मिनिटं.

दादा विचारत होता, "काय लिवलंय? काय लिवलंय बाई?" मी सांगितलं. त्यानं फोन परत हातात घेतला. मग म्हणाला, "म्हंजी त्यानं बसवलेल्या यंतरानं मलाच कळवलं. आन् मी म्हनलं, आली लाइट, बरं झालं."

या घरात दोघांनी म्हटलं, बरं झालं. सुनीतानं आणि दादानं. त्यांना एकमेकांचं ठाऊक नाही. मी सांगणार नाही.

सोमवार, २१ एप्रिल.

वकीलबाईंना फोन. त्या पहिल्यांदा हसल्या. "फोन कोणाला देऊ नका. दुरुस्तीलासुद्धा नाही. कोणी मागायला आलं तर?"

म्हटलं, "आता मी दारातच बसते."

लाइन बंद करायची तर लाइनमन सबस्टेशनला कळवतो, ऑपरेटर वहीत वेळ लिहितो, चालू करतानाही लिहितो. ते पान मागायचं. आजच माहिती अधिकारात अर्ज टाकला. पान अजून जागेवर असेल तर.

गुरुवार, २४ एप्रिल. भोकर.

गेले. का गेले, स्वतःला नीट सांगता येत नाही. वकीलबाईंनी विचारलं होतं, ऑफिस वर्षानुवर्षं हेच करतं, हे दाखवणारा जुना कागद मिळेल का? मी म्हटलं, एक आहे. कुठे आहे ते माहीत आहे.

कमलबाई मुलीकडे राहते. म्हातारी झाली आहे. माझ्याहून लहान असेल, पण म्हातारी. तिनं मला ओळखलं नाही. ऑफिसातल्या बायकांचे चेहरे बाकावरून दिसत नसतात.

पत्राचं विचारलं. पत्र्याच्या पेटीतून काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी.

"एवढं जपून का ठेवलंत?"

"मला वाचता येत न्हाई. मास्तरानं वाचून दावलं. म्या इचारलं, सहानुभूती म्हंजी काय? त्यो म्हनला, त्यांला वाईट वाटलं. म्या म्हनलं, बरं. कुनाला तरी वाटलं. म्हून ठिवलं."

मी सांगितलं. सगळं. की ते मी लिहिलं. आणि आता माझ्या घरी तेच आलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, तेच सहन होईना.

"तुमी लिवलं? मंग तुमाला वाटलं व्हतं का वाईट?"

मी पाणी मागितलं.

तिनं तांब्या दिला. मग पत्रही दिलं. म्हणाली, "काम झाल्यावर परत आना बाई. मालकाचं तेवढंच हाय."

सोमवार, २८ एप्रिल. लातूर.

प्रतिज्ञापत्र. मजकूर वकीलबाईंनी केला, मी दुरुस्त केला. सवय. "झिरो वायरमन ठेवण्याची पद्धत मला माझ्या सेवेत माहीत होती. मृतांच्या नातेवाइकांना द्यावयाच्या उत्तराचा मसुदा मी स्वतः तयार केला."

वकीलबाई: "मॅडम, उलटतपासणीत ते तुम्हालाच फाडतील. तेव्हा का बोलला नाहीत म्हणून."

"विचारू देत. मीही तेच विचारते आहे."

सही केली. सुनीता शेजारी होती. मसुद्याची गोष्ट तिला आजच कळली.  गाडी लागल्यावर माझी पिशवी खिडकीतून आत टाकून जागा धरली, नेहमीसारखी. पण शेजारी बसली नाही, मागे बसली.

शुक्रवार, २ मे. नांदेड.

सकाळी मोटार. बशी आधीच खाली ठेवली होती.

पत्र आज रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह टाकलं. प्रत इथे उतरवते.

"महोदय,

आपले १५ एप्रिल रोजी मिळालेले उत्तर वाचले. त्यातील शेवटचे वाक्य माझे आहे. ते मी परत घेत आहे. यापुढे ते वापरू नये.

दि. ११ मार्च २०२५ रोजी वाहिनी अखंडित चालू होती, असे आपण कळवले आहे. ती दुपारी ३.३८ ला बंद झाली व ४.१० ला चालू झाली. नोंद आमच्याकडे आहे. आपल्याकडेही आहे, ते पान जपून ठेवावे.

दिलीप चोरून चढला असेल, तर त्याच्यासाठी लाइन कोणी बंद केली? आणि तो वर असताना चालू कोणी केली?

त्या बत्तीस मिनिटांत लाइन कोणाच्या सांगण्यावरून, कोणासाठी बंद होती, ते नावानिशी, लेखी, शुक्रवार दि. १६ मे २०२५ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत कळवावे.

सहानुभूती कळवू नये."