पहिल्या रांगेत हाताची घडी

१ जुलै, सोमवार

लेफ्टओव्हर कॅनू बँडवाले परत एकत्र आले. अकरा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आता पैसे संपले असणार. ३ ऑगस्टला आपल्याच काउंटीच्या जत्रेत वाजवणार आहेत. जत्रेत. ट्रॅक्टरच्या शर्यती झाल्या की त्याच मैदानात, डुकरांच्या शेडशेजारी. वेळ दुपारी चार. म्हणजे चाहत्यांना गुडघ्याच्या गोळ्या घेऊन वेळेवर झोपता येईल.

मी जाणार नाही. ज्याने हा बँड खरोखर ऐकलाय तो जाणारच नाही. जातील ते गादीवाले. यांचं एक गाणं गादीच्या जाहिरातीत लागलं आणि तेव्हापासून अख्ख्या मिनेसोटाला हा बँड आपल्या घरचा वाटतो. त्या गाण्याचं नाव मी या वहीतसुद्धा लिहिणार नाही.

संध्याकाळी: दोन तिकिटं काढली. दुसरं मॅरनसाठी. पोरगी पंधरा वर्षांची झाली, बापाकडून काहीतरी मिळायला हवं. घर भाड्याचं, गाडीचा सायलेन्सर गेलेला. देण्यासारखी एकच गोष्ट आहे माझ्याकडे, ती म्हणजे कान.

४ जुलै, गुरुवार

देशाचा वाढदिवस. शेजारी फटाके आणि 'उन्हाळी बार्बेक्यूसाठी गाणी' नावाची यादी. हल्ली प्रत्येक कामासाठी गाण्यांची यादी असते. भांडी घासायची वेगळी, रडायची वेगळी. गाणी म्हणजे काय लोणचं आहे, तोंडी लावायला? खिडक्या बंद केल्या. उकाड्याने जीव गेला, पण तत्त्व राहिलं.

ड्युलुथ आठवलं. १९९९, फेब्रुवारी, बोलिंग क्लबचं तळघर, हीटर बंद. कॅनूचा तो पहिलाच दौरा. मूठभर माणसं, सगळी कोट घालून, हाताची घडी घालून उभी. गायक जवळजवळ पूर्ण वेळ आमच्याकडे पाठ करून होता. कोणी टाळी वाजवली नाही. कलेचा इतका मान मी पुन्हा कुठे पाहिला नाही. माझ्या आयुष्यातली सर्वात सुंदर संध्याकाळ.

हायडीही तिथेच होती, माझ्या मागे. नाचत होती. पुढे तिच्याशी लग्न केलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

१३ जुलै, शनिवार

मॅरन आलीय. महिन्यातला एक शनिवार-रविवार माझा, बाकी दिवस हायडीकडे. तिने जेवताना स्वतःहून एक इयरफोन माझ्या कानात घातला आणि म्हणाली, ऐक ना. कुणीतरी मुलगी कुजबुजत होती, मागे मशीनचे ड्रम. मी तिला मशीनचे ड्रम का ऐकू नयेत हे नीट समजावून सांगितलं, सुरुवातीपासून. ओव्हनमधून काढलेली हॉटडिश थंड झाली. तिने इयरफोन काढून घेतला आणि आंघोळीला गेली, ती बराच वेळ आलीच नाही. खोल विचारात पडली असणार.

निश्चय: जत्रेच्या आत तिला कॅनूचे सगळे अल्बम क्रमाने ऐकवायचे.

१४ जुलै, रविवार

पहिला अल्बम लावला. आधी पार्श्वभूमी सांगितली, मग पहिल्या छपाईची रेकॉर्ड आणि हल्लीची रंगीत रेकॉर्ड यांतला फरक. गाणी कधी सुरू होणार, असं तिने विचारलं. उतावळेपणा वयाचा आहे, सोडून दिलं. दुसऱ्या बाजूला तिला झोप लागली. शरीराने संगीत स्वीकारल्याचं लक्षण.

संध्याकाळी ठरल्या वेळेआधीच घरी गेली. गणिताचा अभ्यास आहे म्हणाली. जुलैत कसला गणिताचा अभ्यास, ते विचारायचं राहिलं.

१९ जुलै, शुक्रवार

ऑफिसात ब्रेंडा एका जुन्या पंक बँडचा टीशर्ट घालून आली. सुपरमार्केटमधला, केळी ठेवतात त्याच्या बाजूच्या रॅकवरचा. मी फक्त म्हणालो, यांची तीन गाणी सांग. ती म्हणाली, एसी गार लागतो म्हणून घातलाय. मी म्हणालो, बरं, दोन सांग.

दुपारी वांडा मॅडमनी बोलावून घेतलं. आपण इथे गारपिटीच्या विम्याचे दावे तपासतो क्रेग, माणसं नाही, म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर सुपरहिरोच्या बाहुल्या आहेत. अशांशी काय वाद घालणार.

२२ जुलै, सोमवार

डगचा फोन. डग म्हणजे हायडीचा दुसरा नवरा, तळ्याकाठी बोटी विकतो. तेही दोघं जत्रेला येणार आहेत. "त्या गादीच्या गाण्यावर आपला फार जीव आहे, क्रेग. सगळे एकत्रच उभे राहू या की, मी तळलेलं चीज कर्ड आणतो सगळ्यांना." दोघांसाठी कॅनूचे टीशर्टही मागवलेत म्हणे.

ज्या बँडचा कार्यक्रम, त्याच बँडचा टीशर्ट घालून जायचं नसतं. एवढी साधी गोष्ट. पण डगला सगळंच आवडतं. कंट्री आवडतं, पोल्का आवडतं, लिफ्टमध्ये वाजतं तेही आवडतं. अशा माणसाला आवड नसते, नुसती भूक असते. त्यात टाळी नेमकी चुकीच्या ठोक्यावर.

आम्ही पहिल्या रांगेत असू, असं सांगून फोन ठेवून दिला.

२८ जुलै, रविवार

टीशर्ट ठरला. पहिला कार्यक्रम संपायच्या आत फुटलेल्या एका बँडचा. या राज्यात तो ओळखणारा माझ्याशिवाय कोणी नसेल. घालून बघितला, बेंबीपर्यंत आला. वीस वर्षांत सुती कापड आटतं.

उभं राहायचा सराव: हाताची घडी घालून ओट्यासमोर एक तास. अर्ध्यातच कंबर धरली. या घराची फरशी तिरकी आहे, घरमालकाला लिहायला हवं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

मॅरनला फोनवर नियम सांगितले. बरोबर गायचं नाही. मोबाइल वर धरायचा नाही. नाचायचंच झालं तर मानेपुरतं. गादीचं गाणं सुरू झालं की माझ्यामागून बाहेर पडायचं, निषेध म्हणून. सगळ्याला ओके डॅड म्हणाली. मग तिनेच विचारलं, तुला नक्की यायचंय ना, नाहीतर मी आईबरोबर जाईन, खरंच चालेल. बिचारी. आपण बापाच्या अपेक्षेला पुरे पडणार नाही, याची धास्ती घेतलीय तिने.

३ ऑगस्ट, शनिवार

कॅनूच्या आधी वाजवणाऱ्यासाठी दोनलाच पोहोचलो. तिथे एक पोरगा आणि एक लॅपटॉप. पहिल्या रांगेत आम्ही दोघंच. मॅरन तळलेलं काहीतरी खात होती, मी घडी घातली.

चारला कॅनू आले. गायकाने डोक्यावर केस लावून घेतलेत. "हॅलो, मजेत ना सगळे?" म्हणाला आणि हसला. ड्युलुथला हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

तिसरं गाणं पहिल्या अल्बममधलं निघालं. ते वाजवतील असं वाटलंच नव्हतं. इथे खरं लिहायला हरकत नाही: डोळ्यांत पाणी आलं. मॅरनला दिसू नये म्हणून जबडा आवळून धरला आणि स्टेजच्या कोपऱ्याकडे टक लावून बघत राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान वळवली.

शेवटी शेवटी गादीचं गाणं. मी तत्त्वानुसार बाहेर पडलो, मॅरनला खूण केली. ती आली नाही. गर्दीमुळे खूण दिसली नसेल. डुकरांच्या शेडपाशी उभा राहिलो. एक शेतकरी पाइपने डुक्कर धूत होता आणि तेच गाणं गुणगुणत होता. डुक्करही आनंदात दिसलं.

परत आलो तर मॅरन जागेवर नाही. मागे होती, हायडी आणि डगबरोबर. तिघं उड्या मारत होती. मॅरनचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू येत होता, केस तोंडावर, टाळ्या डगसारख्याच चुकीच्या ठोक्यावर. माझी मुलगी अशी हसते हे मला माहीत नव्हतं. त्या क्षणी मला डगचा हेवा वाटला. इतका वाटला की पोटात कळ आली. चीज कर्ड बाधलं असं आधी लिहिणार होतो, पण मी ते खाल्लंच नव्हतं.

तिची नजर माझ्याकडे गेली. तशी ती हळूच चालत आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिने हाताची घडी घातली.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "थँक्यू डॅड. तुला किती जड गेलं असेल ना."

मी विचारलं, काय जड गेलं?

"हे सगळं. तुला गाणीबिणी अजिबात आवडत नाहीत, तरी माझ्यासाठी आलास. मी आईलाही तेच म्हटलं."

मी किल्ली फिरवली. तीच पुढे म्हणाली, "लहान असताना मला वाटायचं, खराब गाणी शोधून काढायची तुझी नोकरीच आहे. घरात रेकॉर्ड लागली की तुझं तोंड असं व्हायचं ना, मी खोलीत जाऊन बसायचे. आजही ते तिसरं गाणं लागलं तेव्हा किती त्रास होत होता तुला. पुढच्या वेळी मी डगबरोबर जाईन. तू आरामात घरी बस. मला मुळीच वाईट वाटणार नाही, शप्पथ."

आणि गिअरवरच्या माझ्या हातावर थोपटलं. टोमणा मारला असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमण्यांत मला कोणी हरवत नाही. पण तिला माझी खरोखर दया येत होती.

ड्युलुथचं सांगावं असं मनात होतं. तळघर, थंडी, तिची आई, सगळं. तोंड उघडलं आणि म्हणालो, बेसचा आवाज फार चढा ठेवला होता त्यांनी.

"बघ ना," ती समजुतीने म्हणाली आणि गाडीतला रेडिओ बंद केला.

४ ऑगस्ट, रविवार

सकाळी उठून मॅरनला फोन करून गैरसमज दूर करायचा, असा निश्चय. रविवारी मुलं उशिरा उठतात. दुपारी केला नाही कारण जेवणाची वेळ. संध्याकाळी डगचाच मेसेज आला: शनिवारी तळ्यावर मासे धरायला येतोस का, मॅरन म्हणते तुला शांतता लागते, बोटीत रेडिओ लावणार नाही.

हो लिहिलं.

मग पहिला अल्बम काढला. तिसऱ्या नंबरला वाजवलं होतं ते गाणं लावलं, मोठ्याने. बाथरूमचं दार उघडं टाकलं आणि आरशासमोर उभा राहिलो. गिटार सुरू झाली. काल आलं तसंच पाणी डोळ्यांत येऊ लागलं. मी डोळे न मिटता चेहऱ्याकडे नीट बघितलं, गाणं संपेपर्यंत.

या माणसाला मीही परत कुठल्या कार्यक्रमाला नेलं नसतं.