जावईबापूंचा पेंग्विन आणि नारिकेलशतक

रत्नागिरी,
कार्तिक वद्य पंचमी

चिरंजीव आणि राजमान्य राजेश्री स्वरूपराव यांस,

(वयाने तुम्ही पहिल्या पदवीचे अधिकारी, नात्याने दुसरीचे. नुसते 'चिरंजीव' लिहिले तर तुमच्या सासूबाई पाकीट फोडून दुरुस्ती करतील, म्हणून दोन्ही लिहून मोकळा झालो.) तुम्हां उभयतांस आशीर्वाद. आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर दोन तास वाऱ्यात उभे राहून फोटो काढल्याने तुम्हांला धरलेला खोकला आता सुटला असेल. नसेल तर नीरजाला ज्येष्ठमध द्यायला सांगा. 'हल्ली असलं कोणी घेत नाही' असे ती म्हणाली तर माझे नाव सांगा, आणि तरीही नाही दिले तर सरळ औषधाच्या दुकानात जा. आम्ही येथे खुशाल आहोत. 'आम्ही' या शब्दात संगणक धरलेला नाही.

हे पत्र मी शाळेच्या शिक्षकखोलीत बसून, हाताने, तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर लिहीत आहे याचे तुम्हांला नवल वाटेल. फोनवर तुम्ही तीनदा विचारलेत, कॉम्प्युटर कसा चालला आहे, आणि तिन्ही वेळा मी 'उत्तम' म्हणालो. ते असत्य होते. शेजारी तुमच्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या माहेरी असा दंडक आहे की जावयाने आणलेली वस्तू, केलेले काम आणि सांगितलेला विनोद यांना पहिले वर्षभर नाव ठेवायचे नाही. (माझे विनोद त्या घरात बरोबर एक वर्ष चालले.) तेव्हा जे फोनवर बोलता येत नाही ते टपालाने पाठवतो आहे, आणि तुम्ही सावकाश, पाणी पिऊन वाचावे अशी विनंती आहे.

दिवाळसणाला सासऱ्याने जावयाला द्यायचे असते. मी यथाशक्ति दिले. तुम्ही मात्र लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, पोटात चार अनारसे असताना, 'बाबा, मशीन फार स्लो झालंय, बघू का जरा?' असे विचारलेत. पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयाला 'नको' म्हणणारा सासरा कोकणात अजून जन्मायचा आहे. मी म्हटले, बघा. माझी समजूत, तुम्ही बघाल आणि जागेवर ठेवाल. पाडव्याच्या सकाळी उठून पाहतो तो माझे ओळखीचे सगळे दुकान उठलेले, आणि त्या जागी लिनक्स नावाचे नवे बिऱ्हाड आलेले. खुणेला एक पेंग्विन. ज्या गावात माणसाला कार्तिकातसुद्धा पंख्याखाली घाम येतो तिथे हा पक्षी कोणी आणि कशाला आणला, हे मी विचारले नाही. तुम्ही 'आता दहा वर्षं बघायला नको' म्हणालात, सूचनांचा एक कागद स्वहस्ते लिहून दिलात, माझ्या फायली जागच्या जागी ठेवून बाकी जुन्या सगळ्याची नक्कल आपल्या हार्डडिस्कच्या डबीत भरून घेतलीत, आणि भाऊबीज आटपून पुण्याला गेलात. दहा वर्षे राहू द्या, सावर्डेसुद्धा ओलांडले नसेल तुम्ही, तोवर मला बघावे लागले.

पण आधी त्या यंत्रात काय होते ते सांगतो, म्हणजे माझा संताप म्हातारपणाचा नव्हे हे तुमच्या ध्यानात येईल. दत्तात्रेयशास्त्री हे माझे गुरुजी. वयाच्या नवव्या वर्षापासून मी त्यांच्याकडे संस्कृत शिकलो, आणि त्यांच्या छडीची एक खूण पावसाळ्यात अजून ठणकते. गुरुजींनी भाट्याच्या किनाऱ्यावर माडांखाली बसून चाळीस वर्षांत 'नारिकेलशतक' रचले, म्हणजे नारळावर शंभर श्लोक. (नारळावर शंभर कशाला, असे विचारू नका. ज्याला नारळ विकत घ्यावा लागतो त्याला ते कळायचे नाही.) त्या वह्या दोन पावसाळ्यांपूर्वी वाळवीने खाल्ल्या. सुदैवाने मी त्या टंकून घेतल्या होत्या. अन्वय, अर्थ आणि टिपांसह एकशे साठ पाने, आणि ती फक्त या यंत्रात. येत्या मार्गशीर्षात गुरुजींचे सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी छापील शतक त्यांच्या हातात ठेवायचे, असे मी त्यांना कबूल केले आहे. सावर्ड्याच्या छापखानेवाल्याला महिनाअखेर फाइल हवी. गुरुजींना आता फार आठवत नाही. वीस-पंचवीस श्लोक म्हणतात, तेही एकाची शेपटी दुसऱ्याला लावून. तेव्हा शतक आहे ते त्या फाइलमध्ये आहे, आणखी कुठेही नाही. आता पुढे वाचा.

पहिले संकट पासवर्डाचे. तुमच्या कागदावर होते म्हणून मी ती काळी खिडकी उघडली, आणि तिने पासवर्ड विचारला. मी टंकतो आहे, टंकतो आहे, आणि पडद्यावर काही उमटत नाही. ठिपका नाही, चांदणी नाही. जपाचे तीन प्रकार मी मुलांना शिकवतो: ऐकू येतो तो वाचिक, नुसते ओठ हलतात तो उपांशु, आणि मनातल्या मनात तो मानस. तुमच्या यंत्राला मानसच चालतो, हे कागदावर लिहायला काय झाले होते? मी कीबोर्ड बिघडला असे समजून नवा आणला. त्यावरही उमटेना, म्हणून दुकानदाराशी भांडलो. तो माझा जुना विद्यार्थी, बिचाऱ्याने मान खाली घालून दुसरा दिला. त्यावरही उमटेना तेव्हा मी त्याचे दहावीचे गुण काढले. आता त्या बाजूने जाताना मी छत्री आडवी धरतो.

दुसरे, आवाज गेला. तुमच्या सासूबाई दुपारी एका बाईंचा पाककृतींचा कार्यक्रम पाहतात. आठवडाभर त्या बाईंनी मुकाट्याने भाजणी भाजली. शोध केला तेव्हा कळले की आवाज गेला नव्हता, यंत्र तो इमाने इतबारे पडद्याकडे पाठवत होते, आणि आमच्या पडद्याला तोंडच नाही. बाजूला दोन स्पीकर हात जोडून बसलेले, त्यांना कोणी विचारले नाही. (सासूबाई एवढेच म्हणाल्या, 'कमी बोललेलं बरंच असतं.' वर्षाचा दंडक.)

इथे तुमच्या कागदाची कथा सांगणे भाग आहे. जावयाचे अक्षर म्हणून तो सासूबाईंनी देवघरात ठेवला. देवघरातली वस्तू पारोशाने घ्यायची नाही. म्हणजे यंत्र बिघडले की आधी मी आंघोळ करायची, सोवळे नेसायचे, कागद आणायचा आणि मग बिघाडाला हात घालायचा. गेल्या रविवारी मी चार आंघोळी केल्या. शेजारच्या सोनूबाईंनी घरात काही सुतक-बितक आहे का म्हणून चौकशी केली.

तिसरे संकट विनयाने आले. 'नवे बदल आले आहेत, घ्यायचे का?' असे यंत्राने विचारले. विनयाने विचारणाऱ्याला मला नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही जाणताच. घेतले. दुसऱ्या दिवशी वाय-फायची खूण नाहीशी. राउटरचे दिवे सगळे लागलेले, माझ्या फोनवर इंटरनेट सुरळीत, पण यंत्र म्हणते असले काही जगात नाहीच. राउटर बंद करून चालू केला. वायर काढून फुंकर मारून लावली. आंघोळ केली. कागदावर लिहिले होते, 'वाय-फाय गेलं तर मशीन सुरू होताना मागची आवृत्ती निवडा.' निवडली, आणि खूण परत आली. आता मला सांगा, नवे डोक्यावर घ्यायचे आणि ते मोडले की मागच्याकडे वळा म्हणायचे, हे आम्ही शिक्षकखोलीत तीस वर्षे सांगत आलो. त्याला कोणी लिनक्स म्हटले नाही, आम्हांला बुरसटलेले म्हटले.

पण खरा घात पुढे झाला. दुसऱ्यांदा बदल आले, मी पुन्हा 'हो' म्हटले (मनुष्यस्वभाव), आणि ते निम्मे उतरले असताना खाडीच्या अंगाला गडगडले. आमच्याकडे गडगडले की घरातला प्रत्येक प्लग निघतो, हे तुम्हांला एव्हाना ठाऊक आहे. तुमच्या सासूबाई फ्रिजपासून सुरुवात करतात आणि वीज चमकायच्या आत पोचतात. मी 'अगं थांब' म्हणेपर्यंत संगणकाचा प्लग त्यांच्या हातात होता. पुन्हा लावला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी, आणि त्यापुढे काही नाही. शतक आत, मी बाहेर.

मग मी धोंडूला बोलावले. धोंडू बाजारात संगणक दुरुस्त करतो, त्याआधी वीस वर्षे लग्नपत्रिका टंकायचा. त्याने पडद्याकडे पाहिले आणि पाण्याचा तांब्या मागितला. 'सर, ह्ये आमच्यातला नाय,' तो म्हणाला. 'पुसून टाकूया. पयल्यासारका करून देतंय, अर्ध्या तासात.' पहिल्यासारखे हा शब्द ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्याला लगेच बसायला पाट दिला. तो डबीतून तबकडी काढत होता, मी सहज विचारले, बाबा रे, यातले नारळाचे श्लोक राहतील ना? तो म्हणाला, 'पुसला म्हंजे पुसला, सर.'

स्वरूपराव, मी आयुष्यात कधी इतक्या वेगाने आंघोळ केली नव्हती. ओल्या अंगाने कागद आणला आणि त्यावरची, बदल अर्धवट राहिल्यास टंकायची ओळ अक्षर अक्षर टंकली. तिच्या अग्रभागी तो 'सुडो' म्हणून शब्द असतो. संकल्प सोडल्याशिवाय पूजा लागू पडत नाही, तसे त्याशिवाय यंत्र आपला अधिकार मानत नाही, एवढे आता मला समजले आहे. पासवर्ड मानस पद्धतीने दिला. ओळी धावू लागल्या. धोंडू आणि मी पाटावर शेजारी शेजारी, श्राद्धाच्या ब्राह्मणांसारखे बसून होतो. वीस मिनिटांनी पेंग्विन आला. तुमच्या सासूबाईंनी बाहेरूनच विचारले, 'जावईबापूंचं चालतंय ना?' मी म्हटले, उत्तम.

फाइल उघडली. एकशे साठ पाने जागच्या जागी, आणि त्यांत एकही अक्षर देवनागरी नाही. रोमन अक्षरे, कंस, टोप्या घातलेले स्वर, रुपयाचे-डॉलरचे चिन्ह, उलटी प्रश्नचिन्हे. लहान मुलाने कीबोर्डावर बसून घ्यावे तसे. गुरुजींची चाळीस वर्षे माझ्यासमोर शिंकत होती. आणि तेव्हा त्या धोंडूने, ज्याला मी मनातून गाढव म्हटले होते, चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावले आणि त्या गोंधळावर बोट फिरवत वाचले, 'श्रीगणेशाय नमः.' तो म्हणाला, 'सर, हजार पत्रिका केल्यात मी ह्या फॉन्टात. अक्षरा गेलेली नायत. कपडे गेलेत त्यांचे.' त्याचे म्हणणे असे की मी ज्या जुन्या फॉन्टात टंकले तो पुसला गेला, आणि त्याच्यावाचून हा मजकूर असाच नागवा दिसणार. पण धोंडूला गणपतीपुढचे वाचता येत नाही. तिथून पुढे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' लागते, असे तो समजतो.

तेव्हा माझी मागणी साधी आणि रागाची आहे. तुमच्या डबीतल्या नकलेत तो फॉन्ट असणार. शोधा आणि येत्या आठ दिवसांत पाठवा. आणि नाताळात याल तेव्हा हा पक्षी परत घेऊन जा. जावयाला दिलेली भेट सासरा परत मागत नाही, पण जावयाने दिलेली परत करू नये असे कुठल्याही शास्त्रात नाही. मी शोधले.

आपला,
श्रीधर पाध्ये

ता.क. हे नीरजाला दाखवू नका. ती आईला सांगेल, आणि या घरात मला अजून अकरा महिने 'उत्तम' म्हणायचे आहे.

दुसरा ता.क. वर संतापाच्या भरात एक लिहायचे राहिले. पुसण्याआधी तुम्ही मला विचारले होते: 'बाबा, जुने फॉन्ट, खास फायली, असं काही जपायचंय का?' दोनदा विचारले होते. मी दोन्ही वेळा 'छे, काही नाही' म्हणालो. 'हो' म्हणालो असतो तर तुम्ही शेजारी बसून फाइल उघडली असती, आणि तिच्यातले तांबडे श्लोक तुम्हांला दिसले असते.

तिसरा ता.क. वाळवी माझ्या आधी पोचली होती. मला मिळाले ते एकोणनव्वद. एकोणनव्वदाचे शतक होत नाही, म्हणून मधले अकरा मी रचले आणि माझे मला कळावेत म्हणून तांबडे ठेवले. कोणाला सांगितले नाही. (कपडे गेले तरी तांबडा रंग गेला नाही. धोंडूने विचारले, हे काय; मी म्हटले, छपाईच्या चुका.) दसऱ्याला गुरुजींना घरी आणून, यंत्रासमोर बसवून सगळे शतक वाचून दाखवले. ते डोळे मिटून डोलत होते. माझ्या अकरांना डोलणे थांबले. संपल्यावर म्हणाले, 'श्रीधर, हे मधले मी अगदी पोरवयात केलेले दिसतात. वृत्त ठीक आहे, आत खोबरं नाही. छापताना गाळ.' मी 'हो' म्हणालो. त्यांची आज्ञा मी आजवर मोडलेली नाही. पुस्तक एकोणनव्वदांचे होईल आणि अकरा पाने कोरी राहतील. वाळवीचाही त्यात वाटा होता. तुम्ही एवढे करा: फॉन्ट पाठवाल तेव्हा फाइल इथून मागवून घ्या आणि ते तांबडे तुम्हीच पुसा. कसे पुसायचे ते मला येते. काल तीनदा निवडून ठेवले. कळ दाबवत नाही.