निळीला निळी जोडणाऱ्या माझ्या भाच्याबाबत

मी, कोबिना एसिल्फी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा वायरमनचा, राहणार सेकोंडी बंदराजवळची जुनी वस्ती, हे मृत्युपत्र आपखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण तो वयाने, कोणाच्या धाकाने नव्हे. कुळातल्या वडीलधाऱ्यांसमोर यापूर्वी मिळकतीबाबत तोंडी जे काही बोललो असेन ते आजपासून रद्द समजावं.

१. राहतं घर पत्नी एस्सी हिला आणि तिच्या पश्चात मुलगी एकुआ हिला. पुरुषाची मिळकत मुलांना न जाता बहिणीच्या मुलाला जाते, हा आमच्या कुळाचा रिवाज मला ठाऊक आहे. पण या घरात वाडवडिलांची एक वीटही नाही, सगळं मी कमावून बांधलं, त्यामुळे रिवाजाने इथे लुडबूड करू नये. फ्रिजच्या सॉकेटला रंगाऱ्याने हात लावायचा नाही. त्यातल्या प्रत्येक तारेचं टोक मी दुमडून टर्मिनलमध्ये घातलं आहे आणि स्क्रू आवळल्यावर ओढून पाहिलं आहे. एकोणीस वर्षांत ते एकदाही गरम झालेलं नाही.

२. बँकेतली शिल्लक एस्सीची. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे.

३. हत्यारांची पेटी एकुआला. ती तंत्रशाळेत वायरिंग शिकवते आणि पक्कड परत जागेवर ठेवते. गेल्या ईस्टरला माझा भाचा एबो घरी आला, पेटी उघडून त्याने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "मामा, शेवटी ही माझ्याकडेच यायची ना?" मी तेव्हा मक्याचं केंके खात होतो. त्याचं उत्तर आज लेखी देतो: नाही.

४. माझा दोन बल्बांचा टेस्ट लॅम्प मात्र एबोला द्यावा. कारण पुढे लिहितो, आणि ते गाळून हे कलम कोणी वाचू नये.

अकरा वर्षांपूर्वी मासळीबाजाराच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नवे सॉकेट बसवायचं काम मी घेतलं होतं. आमच्याकडे मंगळवारी समुद्रावर कोणी जात नाही, म्हणून वीज बंद करायची तर मंगळवारीच. त्या मंगळवारी मी तापाने फणफणलो होतो. एबो एकटाच गेला; बाजार रिकामा, त्याला पाहणारं कोणी नव्हतं. तिथलं वायरिंग जुनं. जुन्यात निळी वायर ही फेज आणि न्यूट्रल काळी. नव्या वायरीत निळी हीच न्यूट्रल. एबोने रंग पाहिला आणि निळीला निळी जोडली. टेस्ट लॅम्प लावला असता तर दोन्ही बल्ब मंद पेटण्याऐवजी झगझगले असते आणि शेंबडं पोर जरी असतं तरी थांबलं असतं. पण लॅम्प माझ्या घरी खिळ्याला लटकत होता. सॉकेटमध्ये दोनशे तीसऐवजी चारशे व्होल्ट आले. सहाच्या सहा फ्रीझर जळले आणि सोमवारची सगळी मासळी नासली.

संध्याकाळी एबो त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, आराबाला, घेऊन आला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो.

"मामा, जोड तुम्हीच केली असं सांगा. पुढच्या महिन्यात माझी लायसन्सची परीक्षा आहे. तुमचं नाव एवढं मोठं, त्याला काय होतंय? वर्षभरात मी स्वतः बाजारात उभा राहून खरं सांगेन."

"दादा, त्याचं सगळं आयुष्य पुढे आहे," आराबा म्हणाली.

"आणि माझं काय संपलं का?"

यावर ती रडली. तिचं रडणं मला लहानपणापासून सोसत नाही, आणि हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी बाजाराची मुख्य, एफुआ मावशी, माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली. "कोबिना, तुझा हात चुकला? तुझा?" मी म्हणालो, "चुकला." त्यानंतर या किनाऱ्यावर मला कोणी एक सॉकेटसुद्धा बसवायला दिलं नाही.

वर्ष गेलं. अकरा गेली. एबोला लायसन्स मिळालं, स्टेशनजवळ दुकान झालं. बाजारात उभा राहिला तो गिऱ्हाईक गाठायला. लोकांना सांगतो, "मामांचा हात गेला होता हो, म्हणून मी प्रत्येक जोड दोनदा तपासतो." चूक मी त्याला केव्हाच माफ केली होती, रंग पाहून फसणारे माझ्याहून मोठे वायरमन होऊन गेले. हे वाक्य मी माफ करत नाही.

५. माझ्या अंत्यविधीच्या मांडवाचं वायरिंग एबोने करायचं नाही. एकुआने करावं. लाउडस्पीकर सुरू झाल्यावर सर्वांत आधी, भजनांच्याही आधी, एफुआ मावशीने कलम चार मोठ्याने वाचावं. मी तिच्याशी एकदाच खोटं बोललो आणि ते मागे घ्यायला मला मरावं लागतं आहे, याची शरम वाटते.

६. बहीण आराबा हिला मी काहीही देत नाही. वकील म्हणतात, साक्षीदाराला काही देता येत नाही. ती साक्षीदार होईल का, हे लिहिताना मला माहीत नाही. तिला बोलावलं आहे. तिने नकार दिला तर तिची जागा कोरी ठेवावी, दुसरं नाव घालू नये. मग वकील काही म्हणोत.

ठिकाण: सेकोंडी
मंगळवार, १४ मार्च २०२३

लिहून ठेवणार: कोबिना एसिल्फी (सही)

साक्षीदार:
१. जोसेफ क्वानसा, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. आराबा एसिल्फी (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार क्र. २ यांनी अंगठा देण्यापूर्वी सांगितलेलं मी, जोसेफ क्वानसा, त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं आहे: "कलम चार मला दोनदा वाचून दाखवलं. ते खरं आहे. मी तेव्हा तिथेच बसले होते. एबो माझ्या पोटचा आहे, तेही लिहा."