चिंचेने घासलेली लांडगीण

बुकित बातोक, सिंगापूर

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला एव्हाना थांबला असेल. आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचं नाणं मात्र नाही. (हे वाक्य अगदी शेवटी लिहिणार होते, पण तोवर तुम्हाला अंधारात ठेवणं मनाला पटेना.)

इथल्या मराठी मंडळातल्या मुलांना दाखवायला तुम्ही विश्वासाने दिलेलं ते रोमन काशाचं नाणं, एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि दुसऱ्या बाजूला दोन बाळांना पाजणारी लांडगीण, मी वाटीत कापूस घालून देवघरात ठेवलं होतं. निहारच्या चार्जरच्या वायरी पोचत नाहीत अशी घरात तेवढीच जागा. वर चिठ्ठी: हात लावू नये. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी निहारच्या संजीवनीमावशी, म्हणजे माझ्या मावससासूबाई, हौगांगहून 'मदतीला' आल्या. मी ऑफिसात. परतले तर पाटावर तांब्या, पळी, ताम्हन आणि त्यांच्याच रांगेत तुमचं नाणं, चिंच-मिठाने घासून लख्ख! सतराशे वर्षांत चढलेली ती हिरवी झाक, जिला बोटसुद्धा लागू द्यायचं नाही असं तुम्ही मला बाराखडीच्या आधी शिकवलंत, ती बेसिनच्या जाळीत गेली. मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "हात कुठे लावला गं? ब्रश लावला," मावशी म्हणाल्या. "केवढं किटण होतं! आणि देवघरात कुत्री कशाला ठेवतेस?" बाळं आता गव्हाच्या दोन दाण्यांसारखी दिसतात. निहार बँकेत धोक्याचा अंदाज बांधतो (म्हणे). त्याने नाणं दिव्याखाली धरून मत दिलं की आता निदान दिसतं तरी. या घराण्यात जुनं म्हणजे न घासलेलं, एवढाच इतिहास शिकवत असावेत.

रविवारी तरीही मुलांपुढे उभी राहिले. पहिल्या रांगेतली इरा इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आंटी, धिस वन सो शायनी, फेक लाह!" मी खुलासा करायला तोंड उघडणार, तोच मागून मावशी उठल्या. "फेक कसलं? मी स्वतः घासलंय!" टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी त्यांना नारळ दिला. (व्याख्यान माझं होतं.)

मामा, हवं तेवढं रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची,
उल्का

ता. क. मी मावशींना काय सुनावलं, असं तुम्ही विचाराल. "छान झालं हं, मावशी," असं म्हणाले. वडीलधाऱ्यांसमोर दुसरं काही तोंडातून निघेना.

आणखी एक ता. क. त्या 'छान'मुळे मावशींना हुरूप आलाय. पुढच्या महिन्यात त्या पुण्याला येताहेत. तुमच्याकडे अशी पेटीभर 'कळकट' नाणी आहेत हे त्यांना निहारने सांगितलं, आणि पत्ता मी दिला. मुक्काम तुमच्याकडेच करणार आहेत. कृपा करून पेटी आजच बँकेच्या लॉकरमध्ये हलवा. आणि हो, त्यांना आभाराचा एक फोन करा. तुम्ही करणार आहात, असं मी सांगून बसले आहे.