कड घट्ट होईपर्यंत

आप्पा, तुमच्या जावयाचं हृदय डॉक्टरांनी शिवलं. तुम्ही गेलात तेव्हा असं काही शिवता येतं हे आपल्या घरात कुणाला ठाऊकही नव्हतं. हार्ट अटॅकमधून हे वाचले, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या आतल्या भिंतीला भोक पडलंय. ऑपरेशन करावं लागेल, पण लगेच नाही. भोकाच्या कडेचं मांस अजून फार मऊ आहे, त्यात टाके धरणार नाहीत. तोवर मशीन लावून हृदयावरचा भार हलका ठेवू. थांबण्यातही जिवाला धोका आहे, हे त्यांनी लपवलं नाही. धाकटे दीर भडकलेच. "वयनी, भोक पडलंय नि ह्ये थांबा म्हनतात? चला, दुसरीकडं नेऊ." सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

तेव्हा मला आपलं कडाव गावचं भाताचं खाचर दिसलं. श्रावणातली दुपार. बांध फुटलाय, मी ओंजळीने चिखल थापतेय आणि थापला तेवढा वाहून जातोय. तुम्ही आधी वरच्या अंगाला जाऊन पाणी ओहोळाकडे वळवता, मग माझ्यावर खेकसता, "हात काढ गं! कड घट होऊ दे, मंग थाप. नि फुटल्या जागंला नाय, मागं कठीन मातीत धर." मी रुसून घरी आले. तुम्ही नेहमीसारखी पहिली भाकर बैलाच्या तोंडात दिलीत आणि मगच जेवायला बसलात. तो बांध पुन्हा फुटला नाही.

"थांबू या," मी दिरांना म्हटलं. आवाज खणखणीत निघाला. ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक.

कड घट्ट झाली, ऑपरेशन झालं, भोकावर ठिगळ बसलं. आता हे खालापूरच्या बाजारात चालत जातात आणि चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडतात. भांडू देत. तुमच्या त्या एका ओरडण्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत, आप्पा.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगते. ते ठिगळ गुराच्या हृदयावरच्या पातळ पडद्याचं आहे. डॉक्टरांनी मला सांगितलं, मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. हल्ली पहिली भाकर मी दारावर येणाऱ्या गुरांसाठी काढते. घरचे समजतात, बापाची आठवण म्हणून काढते.