पहिलवानाचं वजन

१२ फेब्रुवारी

मुलगी झाली. नऊ आठवडे आधीच! वजन बाराशे चाळीस ग्रॅम. आजवर हजारो काटे दुरुस्त केले — वाण्याचे, सोनाराचे, भंगारवाल्याचे — पण आकडा पुन्हा विचारून घेतला तो आजच. ही ठीक आहे. मुलगी काचेच्या पेटीत. जास्त लिहवत नाही.

१३ फेब्रुवारी

पेटीजवळ नेलं. हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी-घड्याळ काढायचं, पायात त्यांच्याच चपला. मुलगी माझ्या वितीहून जेमतेम मोठी. नाकात नळी, पायाला वायर. मी खांबासारखा उभा.

तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात. म्हणाल्या, "बाबा, श्वास घ्या. शिकायचाय तो तिला, तुम्हाला येतो." तेव्हा कळलं की मी श्वास धरून ठेवलाय. मुलीला त्या पहिलवान म्हणतात. बाराशे ग्रॅमची पहिलवान! पेटीत हात घालायच्या आधी हात कोमट पाण्याखाली धरतात, आणि काय करणार ते तिला आधी सांगतात — "पहिलवान, आता सुई टोचणार हं. राग आला तर खुशाल रड." एवढ्याशा जिवाला कोण विचारतं! या विचारतात.

१९ फेब्रुवारी

अकराशे पन्नास. म्हणजे घटलं की! थेट मोठ्या डॉक्टरबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात उतरतं, मग चढतं. अठराशे झालं की घरी न्या.

वजन सिस्टर सकाळी सहाला आतल्या खोलीत करतात. आम्हाला दहाला सोडतात, तेव्हा पेटीला लावलेल्या कार्डावर आकडा लिहिलेला असतो. मी रोज आधी कार्ड बघतो, मग मुलगी. ही त्यावरून चिडते.

२३ फेब्रुवारी

ही मुलीला उचलायला तयारच नव्हती. "माझ्या हातून काहीतरी होईल," एवढंच. दहा दिवस काचेला हात लावून बसायची. मी समजावलं, आईनं समजावलं, छे!

आज सिस्टरनी काही समजावलं नाही. एक रेलायची खुर्ची ओढत आणली, हिला बसवलं आणि मुलगी नळी-वायरींसकट हिच्या छातीवर ठेवून वरून दुपटं टाकलं. "आता हलू नका. तिची पेटी म्हणजे तुम्हीच." ही दोन तास हलली नाही. नाकाला खाज सुटली तर मला खाजवायला लावलं!

सिस्टरची ड्यूटी दोनला संपते. गेल्या साडेतीनला. "पहिल्या दिवशी आईला एकटं नाही सोडत मी," म्हणाल्या. घरी येताना ही रिक्षात मोठमोठ्यानं बोलत होती. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

२७ फेब्रुवारी

तेराशे चाळीस. आईनं ही बातमी अख्ख्या इमारतीला दिली.

४ मार्च

आईनं सिस्टरसाठी शाल विणली. सिस्टरनी हातात घेतली, विणीचं मनापासून कौतुक केलं आणि परत दिली. वॉर्डात भेटवस्तू घेत नाहीत. आईचं तोंड एवढंसं झालं. मग सिस्टरच म्हणाल्या, "उरलेल्या लोकरीची पहिलवानाला टोपी करा. ती मी रोज बघीन." आईची कळी खुलली, बसमध्येच सुया काढल्या.

पण आमच्या मनाला चैन नाही. आभार मानायचे तरी कसे? मला जगात एकच गोष्ट धड येते. म्हटलं, "सिस्टर, तुमच्या वॉर्डाच्या काट्याची सर्व्हिसिंग करून देतो. माझ्याकडून." त्या हसल्या. "पहिलवान घरी जाऊ दे, मग काय तो काटा उघडा." ठरलं.

७ मार्च

नळी काढली! आज वाटी-चमच्यानं दूध प्यायली. अर्धं दूध सिस्टरच्या बाहीवर. मी लंगोट बदलला — उलटा. सिस्टर म्हणाल्या, "नवीन फॅशन आहे, राहू दे."

१४ मार्च, शनिवार, दुपार

अठराशे पाच!!

हिनं कार्डाचा फोटो काढला. आईला फोनवर रडू आवरेना. उद्या वॉर्डात नुकतेच आलेले नवे डॉक्टर तपासतील आणि संध्याकाळी घरी. सिस्टरची उद्या सुट्टी, मोठ्या डॉक्टरबाईही सोमवारी येणार, म्हणून सिस्टरनी पहिलवानाचा आजच निरोप घेतला. "परत इथे दिसू नकोस," असा दम भरला.

त्या दोनला गेल्या. म्हटलं, सोमवारी त्या येतील तेव्हा काटा लखलखीत तयार असावा. घरी जाऊन हत्यारं आणि माझी सरकारी शिक्क्याची वजनं घेऊन येतो.

१४ मार्च, संध्याकाळ

कुठून दुर्बुद्धी सुचली!

नव्या डॉक्टरांची परवानगी घेतली, वजनं धुऊनपुसून आत नेली. एक किलो ठेवलं — एक हजार पन्नास. मला वाटलं, आपलाच हात लागला. दोन किलो ठेवलं — दोन हजार शंभर. चार वेळा करून पाहिलं. काटा शंभराला पाच जास्त दाखवतोय.

म्हणजे आमचे अठराशे पाच हे खरे सतराशे वीससुद्धा नाहीत.

खोटं कशाला लिहू? वजनं पिशवीत भरून गुपचूप बाहेर यावं असं वाटलं. उद्या मुलगी घरी आली असती, कुणाला पत्ता लागला नसता. दारापर्यंत गेलोही. पण आत आणखी अकरा पोरं आहेत. त्यांची औषधं वजनावर ठरतात, हे मला सिस्टरनीच सांगितलेलं. परत फिरलो आणि नव्या डॉक्टरांना सांगितलं.

ते पांढरेफटक पडले. काटा दुरुस्त होईपर्यंत कुठलाच आकडा धरायचा नाही, आमचं घरी जाणं रद्द. वर विचारतात, "इतके दिवस वजन कोण करत होतं?" मी नाव घेतलं नाही. पण कार्डावर सही आहे ना सिस्टरची! डॉक्टरांनी काहीतरी लिहून वरच्या ऑफिसला धाडलं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्हाला त्या बाईचे आभार मानायला सांगितलं होतं. चौकशी लावायला नाही." त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

१५ मार्च, रविवार

दिवसभर काटा उघडून बसलो. आतली वजन पेलणारी पट्टी एका बाजूला दबली होती, कुणीतरी कधीतरी आपटला असणार. पट्टी बदलली, पुन्हा जुळवून घेतला. आता हजाराला हजार, दोन हजाराला दोन हजार, ग्रॅमचा फरक नाही. काटा उघडा म्हणून आज कुणाचंच वजन नाही. सुट्टीच्या बदली आलेल्या सिस्टर दुसऱ्या वॉर्डातल्या, त्यांना काही माहीत नाही.

वॉर्डातल्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "आमच्या सिस्टरना फोन तरी करायचा होतात." नंबर कुठे माझ्याकडे! आणि असता तरी कुठल्या तोंडानं केला असता? एक महिना ज्या बाईनं माझ्या मुलीला तळहातावर वाढवलं, तिचीच चूक मी सगळ्यांसमोर मांडली.

हिशेब करून पाहिला. मुलगी रोज पंचवीसेक ग्रॅमनं वाढते. उद्या सतराशे सत्तर भरली तरी खूप. अजून दोन दिवस, कदाचित तीन. ते निघतील. पण उद्या सकाळी सिस्टर येतील, त्यांच्यापुढे उभं कसं राहायचं, ते कळत नाही. हिनं रात्रीचं ताट पुढ्यात ठेवलं, तेवढंच.

१६ मार्च

सहाला जाऊन वॉर्डाच्या दाराशी उभा राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं तर सिस्टर म्हणाल्या, "आधी हात धुवा, आत या." आईनं केलेली टोपी काढली, पहिलवानाला काट्यावर ठेवलं. मी लावलेल्या काट्यावर! अठराशे साठ.

मी म्हटलं, शक्यच नाही. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. पुठ्ठ्याच्या आत कागद चिकटवलेला — एका रांगेत काटा दाखवतो तो आकडा, दुसरीत खरा. सलाईनच्या बाटल्या खालच्या लॅबमधल्या अचूक काट्यावर तोलून आणून त्यांनी तो स्वतः बनवलाय. चार महिन्यांपूर्वी. काट्याची तक्रार तीनदा केली, कुणी आलं नाही. मोठ्या डॉक्टरबाईंना सगळं ठाऊक. रोज सकाळी आधी बाटल्या तोलायच्या, मग बारा पोरं, आणि कार्डावर लिहायचा तो फक्त खरा आकडा. अठराशे पाच म्हणजे अठराशे पाचच होते.

"आम्हाला सांगितलं का नाही?" विचारलं. म्हणाल्या, "तुम्हाला? झोपला असतात का महिनाभर?"

मला रडू फुटलं. सिस्टरनी मुलगी माझ्या हातात दिली आणि दुसरं पोर तोलायला घेतलं. आम्ही आज दुपारी घरी.